साच्यातली अक्षरं

श्यामलाबाईंच्या वहीत पाचवीतल्या प्रत्येक मुलाला एक ओळ होती. जितेश: कानाने शिकतो, पाढे चालीत द्यावेत. किमया: फळा दिसत नाही, आईला पटत नाही, पुढे बसवावी. साहिल: उभा असला की उत्तर येतं, बसला की जातं. मुख्याध्यापक शरद सर ही वही बघून म्हणायचे, "बाई, तुमच्या वर्गात मुलं एकवीस आणि अभ्यासक्रम बावीस. बाविसावा कुणाचा?"

"माझा. मीही शिकतेय."

उत्तर चलाख होतं, आणि आपलं उत्तर चलाख आहे हे बाईंना ठाऊक होतं. रोज रोह्याहून रेल्वेने पेण, तिथून एसटीने जोह्याच्या अलीकडची ही वाडी, असं त्यांचं एकोणीस वर्षं चाललं होतं. घरात आजोबांपासून सगळे मास्तर. पुस्तक कुणीही वाचतं, पोर वाचायला आपल्यासारखं घराणं लागतं, असा एक गुपचूप अभिमान त्यांनी बाळगला होता.

समीक्षाची ओळ मात्र कोरीच राहिली होती. मुलगी बोलायला तरतरीत, हिशोबाला तोंडी पक्की, पण छापलेलं अक्षर दिसलं की डोळे असे फिरवायची, जणू समोर परका पुरुष उभा आहे. तिला अक्षरांचीच अडचण आहे असा दाखला मिळाला असता तर परीक्षेत उत्तरं लिहायला लेखनिक मिळाला असता. दाखल्याच्या तपासणीची तारीख मिळाली ती परीक्षेनंतरच्या सप्टेंबरातली.

जानेवारीत एकदा ती मधल्या सुट्टीत मातीचा उंदीर करत होती. डोळे खिडकीबाहेर, आणि बोटांनी शेपूट बरोबर जागी लावली. बाईंनी वही उघडून लिहिलं: हाताने शिकते.

तिचा बाप पोपट गणपतीच्या कारखान्यात साच्यांचं काम करायचा. बाईंनी त्याच्याकडून शाडूच्या लाद्या करून घेतल्या. प्रत्येक लादीवर एक शब्द, उठावाचा. समीक्षा डोळे मिटून शब्दावरून बोट फिरवायची आणि मग तो पाटीवर काढायची. दोन महिन्यांत चौदा शब्द झाले. एप्रिलच्या परीक्षेला चौदा शब्द पुरले नाहीत. ती नापास झाली.

पोपट शाळेत आला, दाराशीच उभा राहिला. "जूनमधे परत परीक्षा हाय म्हनता. पास झाली तर तुमची, बाई. नाय तर आमची. ऐन सीझनला धडधाकट हात घरी बसवून कसं चालंल?"

"पास होईल," बाई म्हणाल्या.

"तुमी म्हनता म्हंजे व्हईल," पोपट म्हणाला. तो हे मनापासून म्हणाला होता, हे लक्षात ठेवायला हवं.

मे महिन्यात बाई रोह्याला होत्या. लाद्यांची संख्या त्यांनी साठावर नेऊन ठेवली होती. पंधरा दिवसांनी पोपटचा फोन आला. कच्च्या लाद्या बोटांनी झिजल्या होत्या, कडा तुटल्या होत्या. पण त्याने आधीच सगळ्यांवर प्लास्टर ओतून साचे घेतले होते. "नव्या लाद्या काढून देतो, पन माती गनपतीलाच कमी पडतेय. चार दिस थांबा."

रोजच्या सहा शब्दांप्रमाणे चार दिवस म्हणजे चोवीस शब्द. बाईंनी मनात मोजले. मग त्यांना एकदम सुचलं. बोट घसरतं ते उठावावरून. खोलगट रेघेत बोट आपोआप वाटेवर राहतं.

"नव्या नकोतच. साच्यातच बोट फिरवू दे तिला. रोज."

पोपटने पलीकडून विचारलं, "साच्यातच?"

"साच्यातच. तेच जास्त चांगलं."

"बरं," पोपट म्हणाला.

बाईंनी वहीत लिहिलं: पालकांचं सहकार्य उत्तम.

जूनमध्ये पुनर्परीक्षेला प्रश्न वाचून दाखवायची परवानगी बाईंनी भांडून मिळवली. उत्तरं तिनेच लिहायची होती. बाईंनी पहिला प्रश्न वाचला. समीक्षाने पेन्सिल कागदाच्या उजव्या कडेला टेकवली आणि लिहीत सुटली. अडली नाही, खोडलं नाही. साठातले शब्द लिहिले आणि त्यांच्यातून स्वतः जुळवलेलेही लिहिले. चार वर्षांत पाटीवर तिची एवढी अक्षरं उतरली नव्हती. बाई वाकून बघत होत्या. एकूण एक शब्द उलटा होता, आरशात दिसावा तसा.

शरद सरांनी कागद खिडकीशी धरून पाठीमागून पाहिला. उजेडात सगळी उत्तरं सुलटी, ठळक, बरोबर. त्यांनी दोनदा वाचली. त्या दिवशी त्यांनी थट्टा केली नाही. "पेपर दुसऱ्या शाळेत तपासायला जाणार," ते म्हणाले. "मागून वाचा असं मी कुणाला लिहून देऊ?"

तरीही त्यांनी चिठ्ठी लिहून जोडली. पेपर परत आला तेव्हा चिठ्ठी तशीच टाचलेली होती. शेजारी शून्य होतं.

बाई कारखान्यात गेल्या. रांगेने पांढरे गणपती बसलेले होते, अजून डोळे न काढलेले. पोपटने स्टूल पुसून दिलं.

"चूक माझी झाली," बाई म्हणाल्या. "साच्यात अक्षर उलटं असतं, हे माझ्या ध्यानातच आलं नाही."

पोपटने मातीने भरलेले हात फडक्याला पुसले. त्याची बायको सरू म्हणाली, "यांना कळलं होतं ओ. फोन ठेवल्यावर म्हनाले, साच्यात डावी सोंड उजवी दिसते, बाईंना ठावं नसंल व्हय? मीच गप केलं. म्हटलं, शिकवायचं त्यांना कळतं का तुमाला?"

"मला वाटलं उलट्यातनं शिकवायची काय तरी युक्ती असंल," पोपट म्हणाला. "तुमी एवढं शिकलेल्या." त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. बाईंनी शोधून पाहिला. टोमणा असता तर बरं झालं असतं.

समीक्षा कोपऱ्यात साच्यात माती दाबत होती. अंगठे झरझर चालत होते. तिने मान वर केली.

"बाई, बरोबर आलं होतं ना सगळं?"

"हो गं. सगळं बरोबर होतं."

"मग?"

  सरूने लेकीपुढे मातीचा ओला गोळा सरकवला.

"हात चालव गो," ती म्हणाली. "साच्यातली माती सुकतेय."