फाळक्याचा आवाज

"धुळाबा, गाडीला हळद लावून राह्यले का? लग्न काढलं का तिचं?" शेजारच्या सुग्रीवने रस्त्यावरूनच विचारलं.

धुळाजीने ब्रश थांबवला नाही. हसनाबादच्या त्या गल्लीत सकाळपासून त्याची टिंगल चालली होती. लोकांचंही काय चुकलं म्हणा! माल वाहून खिळखिळी झालेली पिकअप अंगणात उभी करायची, पॉलिश पेपरने घासायची, पोचे पुट्टीने भरायचे आणि वर पिवळाजर्द रंग द्यायचा, ही हौस या वयात कुणाला सुचते? पेंटरकडे टाकली असती तर काम सफाईदार झालं असतं. पण हे काम धुळाजीला दुसऱ्याच्या हाती द्यायचं नव्हतं.

त्याच्या बायकोची, गोपिकाबाईची नजर जात चालली होती. काचबिंदू. गेलेली नजर परत यायची नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. ताटात भाकरी कुठे आणि भाजी कुठे, हे बिचारीला चाचपावं लागे. तरी संध्याकाळी धुळाजी भोकरदनच्या बाजारातून परतला, की गाडी वळणावर असतानाच ती ओट्यावरून उठून उभी राही.

"तुमची गाडी तेवढी बराबर दिसती मला," म्हणे.

त्या एका वाक्यावर हा माणूस जगत होता. मळकी पांढरी गाडी दिसते, तर पिवळी आणखी काही वर्षं दिसेल, एवढीच त्याची भाबडी आशा. तिलाही त्याने रंग सांगून ठेवला होता.

रंग वाळल्यावर त्याने दिव्यांभोवती रेडियम चिकटवलं. तिने विणलेला लोकरीचा गोंडा आरशाला बांधला. हौद्याचा मागचा फाळका कैक वर्षं खडखडत होता, त्याचे नटही हातासरशी गच्च आवळले. मग राजूरच्या रस्त्याला एक चक्कर मारून आला.

वळण आलं. गोपिकाबाई ओट्यावर बसून होती, ती बसूनच राहिली. गाडी दारात थांबली तेव्हा तिने पदर सावरला आणि परक्याला सांगावं तसं म्हणाली, "घरी न्हाईत हो. राजूरकडं गेल्ते, येतीलच आता."

पिवळी गाडी तिच्यासमोर चार हातांवर उभी होती. धुळाजी खाली उतरला.

"अगं, मीच हाय."

ती दचकली, मग घाईघाईने हसली. "तुम्हीच का! फाळका वाजला न्हाई, मंग मला वाटलं..." बोलता बोलता ती थांबली. "दिसली की! बिलकुल दिसली. पिवळीधमक झाली."

"झाली ना?" धुळाजी कसंबसं म्हणाला.

ती भिंत धरून पाणी आणायला आत गेली. धुळाजीने सीटखालचा पाना काढला, गाडीमागे वाकला आणि आवळलेले नट पुन्हा ढिले केले.

दुसऱ्या दिवशी बाजारातून येताना वळणावरच्या खड्ड्यातून त्याने मुद्दाम गाडी घातली. फाळका खडखडला. गोपिकाबाई ओट्यावरून उठली आणि डोळ्यांवर हात आडवा धरून रस्त्याकडे बघत उभी राहिली.