जाऊबाईंची सुई

चैत्रातल्या दुपारी तापीकडून येणारा झळांचा वारा अंगणातल्या निंबाशी येऊन थबकत असे, आणि त्या स्तब्ध, पांढऱ्या उजेडात ओसरीवरून एकच ध्वनी ऐकू येई: कोऱ्या कापडातून दोरा ओढला जाण्याचा. बारीक, कोरडा, एका लयीतला. तो ध्वनी म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. खांबाला पाठ टेकून, एक गुडघा उभा करून त्या शिवत बसत, आणि दाताने दोरा तोडताना क्षणभर डोळे मिटत.

शहाद्याजवळच्या आमच्या गावात तेव्हा शिवणयंत्र नव्हते. बायकांच्या चोळ्या जाऊबाईच शिवत. मापाला दोरी लागत नसे, वीत आणि चार बोटे पुरत. चुकेही कधीकधी. माझी सासरची पहिली चोळी दंडात इतकी घट्ट झाली की हात वर करता येईना. तेव्हा त्या पोट धरून हसल्या होत्या. त्यांचे तसे हसणे मी पुढे फारसे ऐकले नाही. लेकरांची अंगडी-टोपडी हा मात्र त्यांचा खास प्रांत. गावातले मूल बाराव्या दिवशी पाळण्यात जाई ते त्यांच्या हातचे अंगडे घालून. त्यांची स्वतःची दोन लेकरे त्या पाळण्यापर्यंत पोचलीच नाहीत.

दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत कापडावर कंट्रोल आला. दारात कापसाचे ढीग आणि अंगावर ठिगळावर ठिगळ, अशी आमची गत. तिसऱ्या खेपेला जाऊबाईंना सातवा लागला होता, तेव्हा घराच्या वाट्याला चार हात मलमल आली. सासऱ्यांची बंडी विरली होती. कापड तिकडेच जाणार हे उघड होते. पोटातल्या बाळासाठी कोरे कापड कापू नये, जन्मल्यावरही आधी जुनेरातच गुंडाळावे, ही रीत मला जाऊबाईंनीच शिकवलेली. तरी त्या दुपारी त्यांनी मलमलीची घडी मोडली, बोटांनी माप टाकले आणि कात्री चालवली. मी धास्तावून बघत राहिले, तेव्हा मान वर न करता म्हणाल्या,

"कापेल कापडले कोन मांगस?"

कापलेले कापड कोण मागणार, खरेच होते ते. एकदा अंगड्याचा आकार आला की ते कापड त्या बाळाचेच. सासऱ्यांनी विरलेली बंडीच पुन्हा अंगात घातली. जाऊबाईंनी चार दिवस शिवले, आणि ते चार दिवस त्यांच्या चेहऱ्यावर अशी एक निवांत प्रभा होती की मलाही रीतीचा विसर पडला. शिवून झाल्यावर अंगडे ज्वारीच्या कणगीत जपून ठेवले.

वैशाखात बाळ आले. रडले नाही. सुईणीने पालथे केले, पाठीवर थापट्या मारल्या, आणि मग हळूच जुनेराने तोंड झाकले. तिसऱ्या दिवशी ज्वारी काढताना सासूबाईंच्या हाती ते अंगडे लागले. त्या ओरडल्या नाहीत. बाजेजवळ येऊन त्यांनी ते जाऊबाईंच्या उशाशी ठेवले आणि एवढेच म्हणाल्या, "लेकरू तुन्ही सुईनी खादं."

हे वाक्य गावभर व्हायला वेळ लागला नाही. बायका चोळ्या आणत राहिल्या, गोधड्या आणत राहिल्या, पण लेकरांचे कापड आणीनाशा झाल्या. कोणी म्हणे भावाने नंदुरबारहून शिवून आणले, कोणी म्हणे मावशीने पाठवले. जाऊबाई प्रत्येकीला बरे झाले म्हणत. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडावी तसे झाले, असे मी मनाशी म्हणे. मला रीतीभातींवर विश्वास नाही, असे मी तेव्हाही म्हणत होते आणि आजही म्हणते.

दोन वर्षांनी माझी कूस उजवली. मुलगी झाली. अकराव्या दिवशी जाऊबाईंनी आपले सर्वांत मऊ लुगडे धुऊन, वाळवून, घडी करून माझ्या बाजेच्या कडेला ठेवले. सुई ओवलेली होती, ती पदराला टोचलेली मला दिसली. मी 'शिवा' एवढा एक शब्द उच्चारला असता तर पुरे होते. पण मन चिंती ते वैरी न चिंती. दूध पिणाऱ्या त्या एवढ्याशा जिवाकडे पाहिले. मी म्हटले, माहेरून अंगडे यायचे आहे. आलेले नव्हतेच. त्याच दिवशी निरोप धाडून भावाकडून बाजारातून शिवून आणवले.

बारशाला पोर सारखी रडत होती. दूध घेईना, पाळण्यात ठरेना. सगळ्या बायका गेल्यावर जाऊबाई आत आल्या. त्यांनी अंगड्याच्या काखेत दोन बोटे घालून पाहिली, मग ते अंगडे अलगद काढून उलटे केले आणि पुन्हा घातले. काखेत लाल वळ उमटले होते.

"शिवन बाहेर ऱ्हावाले जोयजे. लेकरूनं आंग कवळं ऱ्हास."

पोर निवली. जाऊबाईंनी हात चटकन मागे घेतले आणि पदराखाली झाकले. तेव्हा तरी मी तिला उचलून त्यांच्या मांडीवर द्यायला हवी होती. मी मुलीला छातीशी ओढून घेतले. त्यांनी ते पाहिले.

पुढच्या थंडीत तापाने त्या गेल्या. आता इतका काळ लोटला आहे की त्यांचा चेहरा प्रयत्नाने आठवावा लागतो; मुलीला ओढून घेणारे माझे हात मात्र न बोलावता आठवतात.