चेअरमनसाहेबांचा टँगो

"आई, तुला माझी शपथ, एवढा रविवार नाचायला जाऊ नकोस," आमची श्रुती म्हणाली. शपथ! चोवीस तास मोबाइलला चिकटलेली पोरगी एकदम शपथेवर आली, म्हणजे प्रकरण किती गळ्याशी आलं होतं बघा.

प्रकरण असं. श्रुती आणि संग्राम एकाच ऑफिसात. दोघांनी एकमेकांना पसंत केलेलं. मला मान्य, संग्रामच्या आईला, सोनूबाईंना, मान्य. घोडं अडलं होतं ते त्याच्या वडिलांपाशी. गणपतराव, गडमुडशिंगी गावातल्या एका दूध संस्थेचे चेअरमन. त्यांचं आपलं एकच, "बघू." त्यात कुणीतरी त्यांच्या कानात सांगितलं, की मुलीची आई हायस्कुलात गणित शिकवते, नवरा वारलाय, आणि दर रविवारी शिवाजी पेठेत परक्या बाप्यांच्या गळ्यात हात टाकून नाचते.

खोटं कशाला बोलू? नाचते. पण गळ्यात नाही, खांद्यावर.

त्याला टँगो म्हणतात. अवंतिका म्हणून माझीच एक विद्यार्थिनी पुण्याहून शिकून आली आणि इथल्या एका कार्यालयाच्या वरच्या हॉलमध्ये तिनं वर्ग काढला. पहिल्यांदा पेठेतली माणसं जिन्यातनं डोकावून हसायची. आता त्यातलीच निम्मी शिकायला येतात. यात एकानं पुढं चालायचं आणि दुसरीनं त्याच्याकडं तोंड करून उलटं, मागं मागं जायचं. वाट त्यानं ठरवायची, तिनं ती अंगानं ओळखायची. मला बाकी सगळं जमतं, ओळखायची तेवढी भानगड जमत नाही. मी ओढते. "बाई, तुम्ही नाचत नाही, तास घेता," असं अवंतिका म्हणते. अगं, जन्म फळ्यापुढं गेला माझा, मी कुणाच्या मागं जाणार?

त्या रविवारी कार्यक्रम होता. सराव नाही, ठरवाठरवी नाही. दारात दोन मडकी, एक बायकांच्या चिठ्ठ्यांचं, एक पुरुषांच्या. ज्यांची नावं निघतील त्यांनी तिथल्या तिथं नाचायचं, आणि गाणं कुठलं वाजणार ते फक्त लॅपटॉपवर बसलेल्या अनुजाला ठाऊक. श्रुतीसाठी मी नाव मागं घेतलं असतं, पण डोकं फिरलं. मुलाच्या बापाला चौकशी करायची तर घरी यावं, चहा प्यावा आणि तोंडावर विचारावं की! तरातरा निघाले खरी, पण रिक्षात बसल्यावर वाटायला लागलं, माझ्या हट्टापायी पोरीचं लग्न मोडलं तर कुठल्या तोंडानं तिच्यापुढं उभी राहू?

हॉलमध्ये पाय टाकते तर काय, पहिल्या रांगेत गणपतराव! कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, शेजारी सोनूबाई. स्वतःच्या डोळ्यांनी खात्री करायला आले होते. मी नमस्कार केला. त्यांनी सभेत अहवाल मंजूर करतात तशी मान हलवली. सोनूबाई तेवढ्या मनापासून हसल्या.

आता गंमत ऐका. आमच्याकडं बचत गटाचा मेळावा असो नाहीतर मंडळाचा कार्यक्रम, दारात चिठ्ठ्या आणि मडकं दिसलं की माणूस आपलं नाव टाकून मोकळा होतो. लकी ड्रॉ असणार, कुकर लागला तर लागला. चेअरमननी तेच केलं होतं. ते सोनूबाईंचंही नाव टाकायला निघाले होते, पण त्या म्हणाल्या, "र्‍हाऊ द्या, दोन कुकर हायत घरात." हे मला मागाहून कळलं.

एकदोन जोड्या नाचून झाल्या. मग अवंतिकानं बायकांच्या मडक्यातनं चिठ्ठी काढली. "क्रांतीबाई!" मी उठले. दुसऱ्या मडक्यात हात घातला. "आणि गणपतराव, गडमुडशिंगी!"

गणपतराव खुशीत उठले, शर्ट खाली ओढला, अवंतिकापुढं जाऊन दोन्ही हात पसरले. "काय लागलं?"

"क्रांतीबाई लागल्यात," अवंतिका म्हणाली.

अख्खा हॉल हसायला लागला. त्यांना समजावून सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. मी म्हटलं, "अगं, पावणे आहेत ते, चुकून नाव पडलंय. सोड त्यांना." एवढं बोलायला नको होतं. चेअरमन ताठ झाले.

"नाव निघालंय न्हवं? मग निघालंय. आमी काय पळून जाणारी माणसं न्हाय."

आलिया भोगासी म्हणत मी त्यांच्यापुढं उभी राहिले. त्यांचा हात माझ्या पाठीपासून वीतभर लांब, हवेतच. अनुजानं लावली हलगी! झालं, चेअरमनच्या अंगात आलं. ते दणादण पुढं येतात, मी त्यांना उजवीकडं ओढते, ते डावीकडं निघतात. जू मोडून पळणाऱ्या बैलजोडीसारखे आम्ही हॉलभर फिरतोय आणि पब्लिक शिट्ट्या मारतंय. तेवढ्यात अनुजाला कुठली अवदसा आठवली कोण जाणे, तिनं हलगी मध्येच तोडली आणि संथ व्हायोलिन सोडलं. चेअरमनचा पाय हवेत. कुठं ठेवावा कळेना, तो त्यांनी थेट माझ्या पायावर ठेवला.

आपल्याला लहानपणापासूनची खोड. कुणाला पाय लागला की वाकायचं, हात लावायचा आणि तो छातीला न्यायचा. चेअरमन वाकले. भर हॉलमध्ये मुलाच्या बापानं मुलीच्या आईच्या पायाला हात लावला! लोकांना वाटलं हाही टँगोतलाच प्रकार, टाळ्या कडाडल्या. आमच्याकडं मुलीची माणसं लग्न ठरेपर्यंत वाकलेली आणि ठरल्यावर आणखी वाकलेली. हे उलटं कुणी बघितलेलं? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "अहो नको, नको," करत मीही वाकले आणि आमची डोकी आपटली.

उभे राहिलो तर चेअरमन लालबुंद. आता हा माणूस तरातरा निघून जाणार आणि श्रुतीचं लग्न या फरशीवरच मोडणार, असं वाटलं. माझा सगळा ताठा उतरला. मी हळूच म्हटलं, "चला. तुम्ही न्याल तिकडं."

"मला काय येत न्हाय हो, बाई."

"चालता येतं की. सावकाश चाला."

ते चालायला लागले. हवेतला हात पाठीला टेकला. घामानं ओला होता. मला मागचं काही दिसत नव्हतं, आणि खरं सांगते, पहिल्यांदाच मी ओढलं नाही. मध्येच ते थांबले, श्वास रोखून मला जरा बाजूला वळवलं आणि पुन्हा चालू लागले. माझ्या मागं खांब होता. व्हायोलिन संपेपर्यंत आम्ही नुसते चालत राहिलो, आणि कुणी शिट्टी मारली नाही.

नंतर खाली चहा होता. चेअरमन कपात बघत बोलायला लागले.

"बाई, मी न्हाय म्हणायलाच आलतो."

"मग म्हणा," मी म्हटलं.

"ऐका तर. तुमी उलट्या चालत हुता. मागं खांब हाय का खुर्ची, तुमाला कायबी दिसत न्हवतं. सगळा भार माझ्यावर. माझी छाती अशी धडधडाय लागली म्हणताय! तवा ध्यानात आलं, तुमची पोरगी आमच्या घरात यील ती अशीच यील."

सोनूबाई बशीतला चहा फुंकत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मीबी तशीच आलते की. तवा न्हाय कवा धडधडली."

झालं! सगळं जुळत आलेलं या बाईनं एका फटक्यात मोडलं, असंच मला वाटलं. चेअरमन बायकोकडं बघतच राहिले. मग कप खाली ठेवून माझ्याकडं वळले.

"बाई, श्रुतीला आमच्यात देताय का?"

त्यांनी विचारलं! मला! रागारागात तयार करून ठेवलेली उत्तरं सगळी वाया गेली आणि मला चक्क रडू आलं. हो म्हणायचं सोडून मी सोनूबाईंचा हात धरला.

"वहिनी, तुम्हीच सांगा. देऊ?"

सोनूबाईंनी नवऱ्याकडं नीट वरपासून खालपर्यंत बघून घेतलं.

"द्या," त्या म्हणाल्या. "आता भ्यायला शिकल्यात ते."