मुंग्यांनी नाकारलेली साखर

"वहिनी, सुई चुकली अन् पोरीच्या तोंडाले पिकल्या फळावानी वास येऊ लागला, तं कोणाची वाट पाहू नका. टांगा जोडा," कंपाउंडर रामकिसनभाऊंनी दोनदा बजावलं होतं. कमलश्री हसली होती. "फळाचा वास काहून वाईट असन, भाऊ?"

ते हसू तिला आजही टोचतं.

केशर तिची सोळा वर्षांची नणंद. दोन वर्षांपासून मधुमेह. रोज सकाळी रामकिसनभाऊ काचेची सिरिंज उकळून तिला इन्शुलिन टोचत, आणि सासूबाई, अंगुरीबाई, तोंड भिंतीकडे फिरवत. हे औषध जनावराच्या आतड्याजवळच्या ग्रंथीतून काढतात, असं कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं. पाणी गाळून पिणारं, मुंग्यांना नेमानं पीठ-साखर घालणारं ते घर. लेकीच्या अंगात रोज हे जातं, या विचारानं त्यांचा घास गोड लागत नसे.

नेमकं हेच ठसठसतं ठिकाण जांभूळबाबाला सापडलं.

चौऱ्याहत्तर सालचा जून. कारंजा गावात कापसाच्या जिनिंगच्या एका रिकाम्या शेडमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. पण बाबाच्या पुढ्यात मात्र मुंग्यांची रांगच रांग. कापराच्या धुरानं डोळे चुरचुरत होते. बाबा ओरडत होता, "डॉक्टर झूठ बोलन, तपासाची नळी झूठ बोलन, मुंगी कधी झूठ बोलत नाही!"

एका द्रोणात रोग्याची लघवी ओतली की मुंग्या धावत. मग रोगी जांभळाच्या बियांचं चूर्ण घेई, घटकाभर बसे आणि पुन्हा बाटली भरून आणी. ती बाबानं मंतरलेल्या 'सिद्ध' द्रोणात ओतायची. मुंग्या काठापर्यंत येत आणि मागे फिरत.

"साखर खतम!"

मानोरा गावाकडच्या बंजारा तांड्यावरून आलेल्या देवलानं टोपी उडवली. "मी तं आता चहात गुळाचा खडाच टाकतो! गोळ्या गेल्या खड्ड्यात!"

"माताजी," बाबा अंगुरीबाईंकडे वळला, "जैनाच्या घरात जनावराचं औषध? फळाचं चूर्ण द्या. पाप टळन, पोर वाचन."

कमलश्री बी.एस्सी. झालेली. तान्ह्या मुलीला कडेवर घट्ट धरून ती बघत होती. घटकाभरात रोग जात नाही, हे तिला कळत होतं. पण जांभळात गुण असतो, हेही तिनं ऐकलं होतं. सासूबाईंनी चूर्णाची पुडी आणि एक सिद्ध द्रोण घेतला, तेव्हा तिनं अडवलं नाही.

सुई बंद झाली.

तिसऱ्या दिवशी केशर तांब्यामागून तांब्या पाणी प्यायली, उलट्या केल्या.

"आई, हिच्या तोंडाले कसातरी वास येऊन राह्यला," कमलश्री सासूबाईंना म्हणाली.

"जांभूळ अंगात मुरून राह्यलं. बाबानं सांगतलंच होतं."

चौथ्या सकाळी कमलश्री नेमाप्रमाणे परसातल्या वारुळापाशी गेली. हाताशी बाबानं दिलेला सिद्ध द्रोण होता. त्यातच पीठ-साखर ठेवली. मुंग्या आल्या, काठाशी मिशा हलवल्या आणि परत फिरल्या. तीच साखर तिनं साध्या पळसपानावर ओतली. पान मुंग्यांनी काळं झालं.

तिनं द्रोण नाकाशी नेला. कडेला कापराचं तेल फासलेलं होतं. मुंग्यांना साखर नको नव्हती, द्रोण नको होता!

ती घरात धावली. केशर हाक मारूनही डोळे उघडेना. श्वास खोल, भराभर. आणि तोच वास, उतरलेल्या फळाचा.

टांगा आला. दवाखान्यात सलाइन, इन्शुलिन. डॉक्टर म्हणाले, "जांभळाच्या बियांत काही द्रव्यं आहेत, त्यांचा अभ्यास चाललाय. उद्या त्यातून काही निघेलही. पण ही पोर आज सुईवर जगते. आणखी अर्धा दिवस गेला असता तर..."

अंगुरीबाई दाराशी बसून होत्या. रामकिसनभाऊ हळूच म्हणाले, "बाई, औषधाचं पाप तुमी मोजलं. पोर गेली असती तं ते पाप कोणाच्या माथी?"

केशरनं डोळे उघडले तेव्हा अंगुरीबाई उठल्या. घरून मूठभर साखर पदरात बांधली आणि सुनेला घेऊन तडक शेडमध्ये गेल्या. सगळ्यांदेखत ती साखर त्यांनी सिद्ध द्रोणात टाकली.

"आता बोलाव तुया मुंग्याईले."

मुंग्या काठावरून परतल्या.

बाबा चाचरला. "माताजी, आज... आज मुंग्यांचा उपास आहे."

"उपास तुमच्या द्रोणाले, मुंगीले नाही!" कमलश्रीनं शेजारच्या पळसपानावर चिमूटभर साखर टाकली. मुंग्या तुटून पडल्या. मग तो द्रोण हातोहात फिरला. ज्यानं त्यानं हुंगला. गलका उसळला आणि त्या गलक्यात बाबा मागच्या दारानं निसटला.

केशर वाचली. पण शेडमध्ये त्या आठवड्यात शंभरावर माणसं येऊन गेली होती. कमलश्री आणि रामकिसनभाऊ जमतील तितकी घरं फिरले. देवलाच्या तांड्यावरही गेले. झोपडीला कडी होती. कामासाठी कुटुंब दूर गेलेलं, कुठे ते कुणालाच ठाऊक नाही.

ती कडी अजून तिच्या डोळ्यांपुढून हलत नाही. म्हणून एवढंच मागणं आहे: फळात गुण असतील, त्यांची पारख प्रयोगशाळेत होऊ द्या, भोंदूच्या द्रोणात नको. तुमच्या घरात, शेजारात कुणी सुई किंवा गोळी सोडून चूर्णावर बसलं असेल, तर हे वाचून झाल्यावर उठा. त्याच्या दारी जा. त्याला हाक मारा, आणि ओ येते का बघा.