सेनापती वेडा नव्हता

उत्तरा परब मुलुंडच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवायच्या. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला एक शोकांतिका होती, चारशे वर्षांपूर्वीची, पाच अंकी. ती त्या इतकी वर्षं शिकवत होत्या की पुस्तक न उघडताच वर्गात शिरायच्या. कुठलं वाक्य परीक्षेला येणार, त्याखाली कुठला आशय लिहायचा, हे मुलं त्यांच्याकडून आयतं घेऊन जायची. त्यांचं इंग्रजी ऐकून नव्या मुलांना वाटायचं, मॅडम कॉन्व्हेंटच्या असणार. मॅडम होत्या लालबागच्या चाळीतल्या, गिरणी कामगाराची मुलगी. पण ते कॉलेजात कुणाला माहीत नव्हतं आणि विचारायचं कुणी धाडसही केलं नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीत, सकाळी चहा गाळताना त्यांच्या हातातून भांडं सुटलं. नवरा सुशांत धावत आला तर त्या ओट्याला टेकून उभ्या होत्या, तोंड एका बाजूला ओढलेलं.

"काय झालं गं?"

"चावी," उत्तरा म्हणाल्या.

हॉस्पिटलात वेळेवर पोचल्यामुळे जीव वाचला. पाय सुधारला, उजवा हात थोडा मागे राहिला. वाचा मात्र गेली. म्हणजे पूर्ण गेली असंही नाही. एक शब्द उरला होता. पाणी हवं असलं तरी "चावी", पंखा बंद करायचा असला तरी "चावी", सुशांतला हाक मारायची असली तरी "चावी". सुरुवातीला त्या बिचाऱ्याने घरातल्या सगळ्या चाव्या आणून त्यांच्यापुढे मांडल्या. उत्तरांनी त्या हाताने उडवून लावल्या आणि रडायला लागल्या.

घाटकोपरला हेमांगी नावाची वाचोपचारतज्ज्ञ होती, तरुण, स्पष्ट बोलणारी. तिने दोघांना समोर बसवून सांगितलं, "याला वाचाघात म्हणतात. मॅडमना सगळं समजतंय. डोकं शाबूत आहे. शब्दही आत आहेत. फक्त दारात एकच शब्द अडकून बसलाय, तो दुसऱ्यांना बाहेर येऊ देत नाहीये. लोक त्यांना वेडं समजतील. तुम्ही समजू नका."

उत्तरांनी मान हलवली. इतक्या दिवसांत त्यांच्याबद्दल कुणीतरी बरोबर बोललं होतं.

लोकांनी हेमांगीचं भाकीत खरं केलं. सोसायटीतल्या बायका त्यांच्याशी मोठ्याने, लहान मुलाशी बोलावं तशा बोलू लागल्या. कॉलेजातून विभागप्रमुख चंद्रप्रकाश सर भेटायला आले. चांगला माणूस. सफरचंदं घेऊन आले, तासभर बसले, पण बोलले सगळं सुशांतशी. "मॅडमना आता आराम करू द्या. पेपर मी बघतो. पुढेमागे स्वेच्छानिवृत्तीचं बघू."

समोर बसलेल्या उत्तरा म्हणाल्या, "चावी."

सरांनी डोळे पुसले. उत्तरांना त्यांचा इतका राग आला की त्या उठून आत गेल्या.

हेमांगीकडे इंग्रजी शब्दांची चित्रं होती, मराठी शब्दांचीही होती. उत्तरा घाम फुटेपर्यंत प्रयत्न करायच्या. कधी अर्धा शब्द यायचा, कधी काहीच नाही. वाचा परतली ती भलत्याच वाटेने.

त्यांची आई, प्रेमा, कांजूरमार्गला मुलाकडे राहायची. सत्तरी ओलांडलेली, गुडघे दुखरे, तरी रोज रिक्षा करून डबा घेऊन यायची. ती लेकीशी पूर्वीसारखीच बोलायची, मालवणीत, भडाभडा, लेकीच्या जबाबाची वाट न बघता. गावच्या भानगडी, सुनेच्या तक्रारी, माशांचे भाव. एका दुपारी तिने सोलकढी वाढली. उत्तरांनी घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"खारट झाली गे, आये."

प्रेमाच्या हातातली पळी तशीच राहिली. सुशांत बाहेरच्या खोलीतून आत आला.

"काय म्हणालीस?"

"परत सांग बघूया," आई म्हणाली.

"खारट," उत्तरा म्हणाल्या. मग स्वतःच दचकल्या. मग हसत सुटल्या. "खारट! खारट! मीठ जास्त पडला!"

हेमांगीने ऐकलं तेव्हा ती खुर्चीतून उठलीच. "लहानपणीची भाषा खोल असते मॅडम. कधीकधी तीच आधी वर येते. आता मागे वळायचं नाही. मालवणी तर मालवणी!"

त्यानंतर घरात मालवणीचं राज्य सुरू झालं. सुशांत मूळचा चिपळूणचा; त्याची अर्ध्या वाक्यात फे फे उडायची. लग्नानंतर घरात आणि कॉलेजात जी भाषा उत्तरांनी कधी काढली नव्हती तीच आता त्यांचा हात धरून चालवत होती. हळूहळू तिच्यात मराठी मिसळू लागली. इंग्रजी मात्र वाचता यायची, बोलता येत नव्हती.

वाचता येते म्हणून त्यांनी आपली शोकांतिका कपाटातून काढली. गोष्ट अशी होती. समुद्रकाठच्या शहराला शत्रूने वेढा घातलाय. सेनापतीने भावाच्या आग्रहावरून सगळ्या नगरापुढे शब्द दिलाय की पहाट होईपर्यंत वेशीचा दरवाजा कुणासाठीही उघडणार नाही. त्याच रात्री त्याची स्वतःची मुलगी बाहेर अडकते, दारावर येऊन 'उघडा, उघडा' अशा हाका मारते. सैनिक गयावया करतात. तो म्हणतो, "माझा शब्द माझ्याहून मोठा आहे. तो मोडला तर मी उरेन कुठे?" परीक्षेत हमखास येणारं वाक्य. सकाळी दरवाजा उघडतात तेव्हा मुलगी मेलेली असते. शेवटच्या प्रवेशात तो तिला हातांवर घेऊन येतो. मुलीचं नाव घेत नाही, रडत नाही. एकच शब्द म्हणत राहतो, "उघडा. उघडा. उघडा." आणि दरवाजा तर सताड उघडा आहे.

'पश्चात्तापाने वेडा झालेला सेनापती,' असं प्रत्येक गाइडात होतं. उत्तरांनीही वर्षानुवर्षं तेच सांगितलं होतं.

या वेळी उत्तरा 'उघडा'वर आल्या आणि तिथे बोट ठेवून थांबल्या. त्यांनी तो प्रवेश पुन्हा वाचला. मग पहिल्यापासून पुन्हा. मग बाहेर येऊन सुशांतचा दंड धरला.

"माका कॉलेजात जावचा असा," त्या म्हणाल्या. "एक तास. एकच."

सुशांतने फोन केला तेव्हा चंद्रप्रकाश सर कचरले. "परबसाहेब, मुलं आजकाल कशी असतात तुम्हाला माहीतय. कुणी हसलं तर? मॅडमना ते सोसेल?"

उत्तरांनी फोन ओढून घेतला. "हसांदेत," त्या म्हणाल्या. सरांना अर्थ कळायला क्षणभर लागला. मग ते म्हणाले, "या."

वर्ग भरला होता. जरा जास्तच भरला होता. काहीजण नुसते बघायला आले होते. सर मागच्या बाकावर बसले. सुशांत दाराशी उभा राहिला. उत्तरा टेबलाला धरून उभ्या राहिल्या आणि त्यांनी तोंड उघडलं.

"चावी."

कुणीतरी फिसकन हसलं. सुशांतने डोळे मिटले. उत्तरांनी एक मोठा श्वास घेतला, डाव्या हाताने टेबलावर थाप मारली.

"हां. हसा. माका हाच दाखवूचा होता." शब्द सावकाश, एकेक करून येत होते. "माज्या डोक्यात होता, 'नमस्कार'. तोंडात इला, 'चावी'. मी येडी असंय?"

मॅडमच्या तोंडून मालवणी ऐकून काहींचे डोळे मोठे झाले होते. तिसऱ्या बाकावरचा कृणाल राणे तर उभाच राहिला. "नाय मॅडम," तो म्हणाला आणि स्वतःच गोंधळून बसला.

"शेवटचो प्रवेश काढा. सेनापती येडो नाय. तेका सगळा कळता. तेका आपल्या चेडवाचा नाव घेवचा असा. नाव हयसर असा." त्यांनी छातीवर हात ठेवला. "पण तोंडात एकच शब्द अडाकलो असा. रात्रभर जो आयकलो तोच. उघडा."

पुढच्या बाकावर दिशा नावाची मुलगी होती. नोट्स चोख, मार्क चोख. तिने हात वर केला. "मॅडम, पण हे तुम्हाला वाटतं म्हणून झालं. नाटकात तसं कुठेय? सगळ्या पुस्तकांत वेडाच लिहिलंय."

मागे सर अस्वस्थ झाले. उत्तरांचा चेहरा मात्र उजळला. कितीतरी महिन्यांत त्यांच्याशी कुणी भांडलंच नव्हतं.

"झकास," त्या म्हणाल्या. "शोध. थयसरच असा. मी सांगूचंय नाय."

पुस्तकांची पानं उलटली गेली. सुरुवातीला कुणाला काही सापडेना. मग कृणाल म्हणाला, "मॅडम, सैनिक तिच्या तोंडावर कापड टाकतो, तर सेनापती ते बाजूला करतो. मेलीय हे माहीत असून. म्हणजे त्याला तिला बघायचंय ना?"

"आनी?"

"भाऊ तलवार मागतो तेव्हा मुकाट देतो," दुसरं कुणी म्हणालं. "वेडा माणूस तलवार देईल?"

"तटावर हल्ला होतो तेव्हा हाताने खूण करून माणसं पाठवतो!"

"बरोबर बाजूला पाठवतो!"

दिशाचं लक्ष पुस्तकात होतं. ती ओळींवर बोट ठेवून वाचत होती. अचानक तिचं बोट थांबलं. "मॅडम, हे बघा. भावाचं वाक्य. 'मान हलवतोस, म्हणजे ऐकतोयस. मग बोल ना!'" तिने वर पाहिलं. "हे आम्ही कधी अंडरलाइनच केलं नाही."

"मीच करूक सांगूक नव्हता," उत्तरा म्हणाल्या.

"थांबा मॅडम, अजून एक." दिशाचा आवाज चढला होता. "तो आधी म्हणतो ना, माझा शब्द माझ्याहून मोठा आहे? शेवटी तसंच होतं. शब्दच मोठा होऊन बसतो, आणि तो आतमध्ये अडकतो. दाराबाहेर मुलगी अडकली तसा. मग हे नाटक इभ्रतीबद्दल नाहीये. शब्दाबद्दल आहे. जो माणूस शब्द परत घेऊ शकत नाही, त्याच्याकडे दुसरा शब्दच उरत नाही!"

उत्तरांनी तोंड उघडलं. काहीच बाहेर आलं नाही. वर्ग वाट बघत राहिला. कुणी हसलं नाही, कुणी शब्द सुचवला नाही. त्यांनी ओठ आवळले, मान खाली घातली, मग वर केली.

"येस," त्या म्हणाल्या. इंग्रजीत. दिवाळीनंतरचा पहिला इंग्रजी शब्द. "येस, दिशा. येस!"

दाराशी सुशांतने दोन्ही हात डोक्यावर धरले. टाळ्या कृणालने सुरू केल्या, मग बाकं वाजली, कुणीतरी शिट्टी मारली. शेजारच्या वर्गातले शिक्षक काय झालं म्हणून डोकावले. उत्तरा हात हलवून सगळ्यांना गप्प करत होत्या, कारण त्यांचा मुद्दा संपला नव्हता आणि घंटा व्हायला वेळ होता.

तास संपल्यावर चंद्रप्रकाश सर पुढे आले. या वेळी ते सुशांतकडे गेले नाहीत. उत्तरांसमोर उभे राहिले. "मॅडम, गाइडातलं मीही शिकवलं यंदा. आता मुलं परीक्षेत हे लिहिणार. तपासणाऱ्याला काय सांगायचं?"

"सांगा, ओळ वाच," उत्तरा म्हणाल्या. "मगे मार्क दे."

सर मोठ्याने हसले. "आणि पुढच्या आठवड्यात? उजळणीचा तिसरा अंक राहिलाय माझा."

"तुमचो कसलो?" उत्तरांनी त्यांच्याकडून पुस्तक काढून घेतलं. "माजो."

बाहेर व्हरांड्यात दिशा आणि कृणाल हमरीतुमरीवर आले होते. कृणालचं म्हणणं होतं की मग खरा दोषी तो भाऊ, त्यानेच शब्द द्यायला लावला. दिशाला ते साफ नामंजूर होतं. "मॅडम, सांगा ना याला!"

उत्तरा भिंतीला टेकून उभ्या राहिल्या, पुस्तक उघडलं आणि पहिल्या अंकातलं पान शोधू लागल्या.