शेषेरावांचं बँकॉक भाजणारी शेगडी

मित्रांनो, मी एक जुनी शेगडी आहे. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीच्या गंजक्या पत्र्यापासून अहमदपुरात माझा जन्म झाला. दहा वर्षे मी मक्याची कणसे भाजली, मग शिवकांताच्या अंगणात कोंबड्यांखाली पडून राहिले. कोंबड्यांबद्दल माझी तक्रार नाही. माणसांबद्दल आहे.

शिवकांताच्या वस्तीत डुकरे पाळतात, म्हणून गावातले लोक तिच्या हातचे पाणीही पीत नाहीत. ती शेषेरावांच्या खताच्या दुकानात झाडलोट करायची. जास्त विक्रीचे बक्षीस म्हणून खताच्या कंपनीने शेषेरावांना बँकॉकला फिरवून आणले. तिथे फूटपाथवर काडीला लावून भाजलेले मांस त्यांनी खाल्ले, दोन्ही हातांत काड्या धरून फोटो काढला आणि तो दुकानात टांगला. नारळाचे दूध, लसूण, गूळ. असा मेवा जन्मात खाल्ला नाही, हे वर्षभर प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवले. मांस कशाचे, हे या शहाण्याने विचारलेच नव्हते. फोटो पुसताना शिवकांताने मात्र चरबी पाहूनच ओळखले.

तिने मला घासून दुकानाच्या पायरीजवळ मांडले. त्याच मसाल्यात डुकराचे तुकडे मुरवून ती काड्या भाजू लागली. समोरच्या बसस्थानकावरचे परगावचे लोक थांबू लागले. शेषेराव नाक दाबून बाहेर आले आणि जागा खाली कर म्हणाले.

"मालक, तुमच्या फोटोतबी हेच हाय," ती म्हणाली.

शेषेरावांचा चेहरा माझ्या बुडासारखा काळा पडला. त्याच दुपारी त्यांनी फोटो उतरवला आणि आम्हाला गटाराच्या कडेला हाकलले. तिथे गिऱ्हाईक फिरकेना. निम्मा माल उरायचा. शिवकांता तो तसाच घरी न्यायची आणि मला फार वाईट वाटायचे.

एका रविवारी दुकानाचा हमाल बजरंग आला. दहा काड्या बांधून हव्या होत्या. कुणासाठी ते सांगायचे नाही असे त्याला बजावले होते, म्हणून त्याने आधी तेच सांगितले.

"पार्सल न्हाई. ज्याला खायचं त्यानं इथं उभं राहून खावं," शिवकांता म्हणाली.

तीन रविवार बजरंग रिकामा परतला. चौथ्या रविवारी शेषेराव स्वतः आले, तोंडाला उपरणे गुंडाळून. असला भित्रा माणूस मी पाहिला नाही. शिवकांताने काडी दिली नाही. तिने पायरीकडे बोट दाखवले.

"शेगडी तिथं मांडते. तिथंच खा."

मला दोन बाजूंना चिंध्या गुंडाळलेल्या दोन कड्या आहेत. एक तिने धरली आणि ती थांबली. शेवटी दुसरी शेषेरावांनी धरली, तीही दोन्ही हातांनी, कारण पेटलेली मी फार जड असते. उपरणे सावरायला हात उरला नाही. ते गळून पडले आणि सगळ्या बसस्थानकाने पाहिले.

आता आम्ही पायरीजवळच असतो. मित्रांनो, माझी राख रोज काढत जा, नाहीतर पत्रा सडतो. आणि मला उचलताना दुसरी कडी धरत जा.