तोंडाची ऊब

पायातली पट्टी सैल होती—पट्टी कसली, बोटभर प्लास्टिक, त्यावर निळ्या शाईत 'मेघनाचे बाळ'—आणि पायच इतका बारीक, की ती घसरून टाचेशी आली होती. नाव अजून ठेवलं नव्हतं. दोन महिने आधीच आलेली पोर, बारामतीच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत तिचा आज नववा दिवस. आणि मेघना रोज हात धुऊन यायची, झरोक्यातून हात आत घालायची, पोटाला जेमतेम स्पर्श करून काढून घ्यायची. भ्यायची ती. आबांच्या त्या बोटाला भ्यायची.

आबा म्हणजे सासरे, धोंडीबा. निम्मी हयात मेंढरांमागं गेली, आता कोऱ्हाळ्यात ऊस आणि दारात दोन शेळ्या. मेघनाच्या लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत एक शेळी अवेळी व्याली, तेव्हा आबांनी त्या ओल्या करडाच्या तोंडात बोट घातलं, क्षणभर ठेवलं, आणि धोतराला पुसत म्हणाले, "गार हाय. न्हाय तगायचं." दुपारी करडू गेलं. तगणं... इंदापूरच्या शाळेत मराठी शिकवताना तिनं कितीदा फळ्यावर लिहिलं होतं—तगणे, म्हणजे टिकणे, निभावणे. पण हा शब्द येतो कुठून, ते तिला त्या दिवशी समजलं. बोटाच्या टोकातून येतो.

काल फोनवर आबा हळूच म्हणाले होते, "पोरी, येकदा तोंडात बोट घालून बघ. मला सांग."

आज नर्स निकिता आपणहून म्हणाली, "ताई, करंगळी द्या ओठांत. चोखते का बघू."

गरम! अगं बाई, गरम आहे... तेवढ्यात पेटीवरचा लाल आकडा दिसला. चौतीस अंश. पेटीच गरम होती. दुपटं गरम, पट्टी गरम, आत दगड ठेवला असता तरी गरमच लागला असता. जीभ मात्र करंगळीभोवती हलली नाही.

"उद्या परत बघू," निकिता म्हणाली.

जिन्यात फोन वाजला.

"गरम हाय का गं?"

"गरम आहे, आबा."

"मग तगली म्हण की! आगं ए, ऐकलं का, तगली पोर!" ते घरात कुणाला तरी ओरडून सांगत होते, हसत होते. "आता नाव बघून ठेव बाई."

नऊ दिवस तिला वाटत होतं, भीती वाटतेय म्हणजे आशाही असणारच कुठंतरी. ते हसणं ऐकताना कळलं—नाही. आशा केव्हाच सरली होती.

"व्हय आबा," ती त्यांच्याच बोलीत म्हणाली, आणि जिन्यातच बसून नावं आठवू लागली. वर्गातल्या इतक्या मुली... एकही आठवेना.